वैरणीचा भारा आणि ५० वर्षांचा वाद

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या माळावर दसऱ्यानंतर वैरण कापायला जाणाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाऊस ओढ देतो त्या साली चिवट कुसळी माजते. लुगड्यात घुसलेली कुसळं रात्री चिमणीपुढे बसून उपसावी लागतात. पाणी साचून राहिलं तर सखलात लव्हाळा, त्याला तोंड लावायला म्हैस का-कू करते. मारवेल एखाद्या साली मांडीएवढा, एखाद्या साली घोट्याएवढा. संध्याकाळी डोक्यावरचा भारा मात्र साधारण तेवढाच. आमची आज्जी म्हणायची, "गवात बदलतंय, भारा न्हाई."

परिसरशास्त्राला इथवर यायला ५० वर्षं लागली.

१९५५ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅकआर्थर यांनी मांडलं, की अन्नजाळ्यात ऊर्जा जितक्या जास्त वाटांनी फिरेल तितका तो समुदाय स्थिर. एक भक्ष्य कमी पडलं तर शिकारी दुसऱ्यावर भागवतो. इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये त्याला दाखले जोडले: किडीचे लोंढे येतात ते एकाच पिकाच्या शेतात आणि बागांत, उष्ण कटिबंधातल्या जंगलात क्वचितच. कणकुंबी-जांबोटीचं रान पाहिलेल्या माणसाला हे ऐकताक्षणी पटतं. घोळ तिथंच होता. रान जुनंही असतं, दमटही असतं. स्थैर्याचं श्रेय सजीवांच्या जातींच्या संख्येलाच द्यायचं ते कशावरून?

१९७२ मध्ये मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट मे यांनी 'नेचर'मध्ये जेमतेम दोन पानांत सगळं उलटं केलं. जाती वाढल्या, त्यांच्यातले संबंध वाढले आणि ते जोरकस झाले, तर एका मर्यादेपलीकडे डोलारा ढासळतो. गणित बिनचूक होतं, फक्त त्यातले संबंध जणू चिठ्ठ्या टाकून जोडलेले होते. खऱ्या रानात कोण कुणाला खातं ते चिठ्ठीवर ठरत नाही. पुढे १९९८ मध्ये केविन मॅक्कन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जाळ्यात दुबळे संबंध पुष्कळ असले तर तेच चढउतार दाबून धरतात. तरी मला या वादात मे यांचा लेखच सगळ्यात मोलाचा वाटतो. 'स्थिर' म्हणजे नेमकं काय स्थिर, हे त्यानंतर धड विचारलं जाऊ लागलं.

याचं उत्तर मिळालं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सीडर क्रीकच्या गवतात. १९८७-८८ च्या दुष्काळात तिथल्या २०७ तुकड्यांचं काय झालं, ते डेव्हिड टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ मध्ये छापलं: जास्त जातींचे तुकडे कमी होरपळले, नीट सावरले. आक्षेपही आला, आणि रास्त होता. त्या तुकड्यांत नत्र कमी-जास्त घातलेलं होतं, जातींची संख्या त्यानेच बदलली होती. मग गुण जातींचा की खताचा? १९९४ मध्येच सुरू झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ही पळवाट नव्हती. १६८ वाफ्यांत १, २, ४, ८ किंवा १६ जाती चिठ्ठीने ठरवून पेरलेल्या. २००६ मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला: जाती जास्त तिथे एकूण गवत वर्षानुवर्षं स्थिर, पण एकेक जात जास्त अस्थिर. मॅकआर्थर भाऱ्याबद्दल बोलत होते, मे मारवेलीबद्दल.

शिगेओ याची आणि मिशेल लोरो या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याला विम्याची उपमा दिली होती: एक जात पडली तर दुसरी भरून काढते. या विम्याला अट आहे. संकटात सगळ्या जातींनी एकसारखंच वागलं तर भरपाई नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्यात उभा होता. त्यात चार आंतरपिकं असती तर तीही कुजली असती. बेळगावजवळच्या येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात मात्र भातामागून मसूर घेतात, तो जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. बळ्ळारी नाल्याने भात बुडवलं, तरी तोवर मसुराचं बी घरातल्या कणगीतच असतं.