वार आणि ताप : आईचा जंतुसंसर्ग बाळापर्यंत कसा पोचतो, याची पार्श्वभूमी

कोकणात बाळंतपणं घरी होत तेव्हा सुईण वारेबाबत (बाळाला पोटात पोसणारी आणि प्रसूतीनंतर बाहेर पडणारी, म्हणजे प्लॅसेंटा) एकच गोष्ट पाहायची : सगळी पडली की एखादा तुकडा आत राहिला. खात्री पटली की वार परसात खोल पुरली जायची. आता प्रसूती प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होते आणि वार पिवळ्या पिशवीत जाते. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी तिला मानवी अवयवांच्या कचऱ्यात धरलं आहे, दुर्गम भागात खोल खड्ड्यात पुरायची मुभाही आहे. जागा बदलली, पण वार निरखून पाहायची सवय रुजली नाही. आईला कळांमध्ये ताप होता, बाळ तिसऱ्या दिवशी दगावलं आणि कागदावर 'जंतुसंसर्ग' एवढा एकच शब्द उरला, असं होतं त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दिवस भरल्यावर वार साधारण ५०० ग्रॅमची, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी असते. आईचं रक्त तिच्यात खेळतं, बाळाचं रक्त बारीक झुपक्यांमधून वाहतं आणि दोन्हींच्या मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. जंतूंना बाळापर्यंत जायला मुख्य वाटा दोन : आईच्या रक्तातून हा पडदा ओलांडून, नाहीतर योनीमार्गातून वर चढून.

वैद्यकशास्त्राचं लक्ष आधी गेलं ते आईकडे. १७९५ साली ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी लिहिलं की बाळंतरोग (बाळंतिणीला होणारा जीवघेणा जंतुसंसर्ग) सुईणी आणि डॉक्टर स्वतःच एका घरातून दुसऱ्या घरी नेतात. १८४६ साली व्हिएन्नाच्या पहिल्या प्रसूती कक्षात, जिथे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येत, ११.४ टक्के बाया गेल्या. सुईणींच्या दुसऱ्या कक्षात हे प्रमाण २.८ टक्के होतं. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि १८४८ साली पहिल्या कक्षातले मृत्यू १.२७ टक्क्यांवर आले. त्यांच्या लिखाणातला एक भाग मात्र कमी सांगितला जातो. दगावलेल्या नवजात मुलांच्या शवविच्छेदनातही त्यांना आईसारखेच बदल दिसले होते, आणि दोष आईच्या रक्तातून बाळात उतरतो असा त्यांचा तर्क होता. १८७९ मध्ये पाश्चर यांनी बाळंतरोगातले साखळीसारखे जंतू दाखवले.

आपल्याकडे हा काळ फार जवळचा आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचा प्रबंध हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं. पुढे १९३६ मध्ये लंडनच्या लेनर्ड कोलब्रुक यांनी सल्फा औषधाने बाळंतरोग आटोक्यात येतो हे दाखवलं, मग पेनिसिलिन आलं आणि आई वाचू लागली. बाळाचा प्रश्न आणि वारेचा अभ्यास मागे राहिले.

जंतू खालून वर चढतात आणि गर्भजलातून बाळाला गाठतात, हे चित्र नीट मांडलं गेलं ते १९५९ मध्ये, विल्यम ब्लँक यांच्या लेखनातून. गर्भाशयाचं तोंड आणि त्यातला चिकट बोळा ही खरी वेस. हे तोंड अवेळी उघडतं त्यावरचा टाका मूळच्या गोव्यातल्या शिरोड्याच्या डॉ. विठ्ठल शिरोडकरांनी १९५५ साली जगापुढे मांडला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र आत संसर्ग असताना टाका घातला तर जंतूंसकट दार बंद केल्यासारखं होतं. म्हणून आधी ताप, पोट दुखतं का, घाण वासाचा स्राव, पांढऱ्या पेशी हे सगळं पाहायचं असतं. टाका असताना संसर्ग दिसला तर तो काढावाच लागतो.

जंतू वेस ओलांडून गर्भजलाच्या पिशवीच्या दोन पडद्यांपाशी आले की वारेत काय घडतं, ते बारकाईने समजून घेण्यासारखं आहे. पहिल्यांदा धावतात त्या आईच्या पांढऱ्या पेशी. त्या बाहेरच्या पडद्यात जमतात, मग आतल्या पडद्यात शिरतात आणि तरीही आग शमली नाही तर पडदा मरायला लागतो. बाळाच्या पेशी वेगळ्या वाटेने येतात : वारेच्या पृष्ठावरच्या रक्तवाहिन्यांमधून आणि नाळेच्या शिरेतून आधी, नाळेच्या धमन्यांमधून नंतर. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांनी या पायऱ्यांची एकच भाषा ठरवली. त्यामुळे अहवालात नाळेच्या धमन्यांना सूज आहे असं आलं, तर बाळाचं शरीर या संसर्गाशी बराच वेळ झुंजत होतं असा त्याचा अर्थ लागतो. १९९८ पासून बाळाच्या या प्रतिसादाला मोजमापही आहे : नाळेच्या रक्तात सूज दाखवणारं इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन दर मिलीलिटरला ११ पिकोग्रॅमच्या वर.

या सुजेने कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं वाढतात, कळा अवेळी सुरू होतात आणि अपुऱ्या दिवसांचं मूल जन्मतं. दूषित गर्भजल श्वासाबरोबर आत गेलं की न्यूमोनिया होतो, जंतू रक्तात पसरतात. जंतू बाळाच्या रक्तात सापडले नाहीत तरीही नुसत्या सुजेने कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला आणि फुफ्फुसांना इजा होऊ शकते. उलट, पूर्ण दिवसांच्या लांबलेल्या प्रसूतीत वारेत थोडी सूज संसर्गाशिवायही दिसते. म्हणून अहवाल बाळाच्या तब्येतीसोबतच वाचावा, एकट्याने नाही.

रक्तातून येणाऱ्या जंतूंची खूण निराळी असते. उपदंशात (सिफिलिसमध्ये) वार जड, जाड आणि फिकट होते. लिस्टेरिया या जंतूच्या संसर्गात तिच्या गाभ्यात पांढरट ठिपक्यांसारखी बारीक गळवं दिसतात, आणि हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. उपदंशावर उपाय जुना आणि स्वस्त आहे : पहिल्या तपासणीत व्हीडीआरएल ही रक्तचाचणी, आणि बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी. उशीर झाला तर बाळालाही उपचार लागतात.

कोकणासाठी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार वेगळा करायला हवा. भारतात त्याची नोंद अंदमानातून १९३१ मध्ये झाली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली, आणि लावणीच्या दिवसांत तो कोकणच्या शेतांत असतोच. उंदीर आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलात तासन्‌तास वाकून रोपं लावणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पायाला भेगा, बोटांत चिखल्या, आणि पोटात सहावा महिना. अशा बाईला आषाढात ताप आला की 'पावसाचा ताप' म्हणून पॅरासिटॅमॉलवर दिवस जातात. गर्भारपणात लेप्टोने गर्भपात झाल्याच्या, मूल पोटातच गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रतिबंधासाठी इतरांना दिली जाणारी आठवड्याची २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन गर्भवतीला देत नाहीत. उपचारासाठी पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन चालतं. म्हणूनच लावणीच्या हंगामात गर्भवतीला ताप आला तर पहिल्याच दिवशी तिचं शेतात जाणं विचारावं, पोटऱ्या दाबून पाहाव्यात, डोळे लाल आहेत का बघावं आणि लघवी कमी झाली का हे विचारावं.

खालून चढणाऱ्या जंतूंमध्ये पाश्चात्त्य देशांत गाजला तो 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. रेबेका लान्सफिल्ड यांनी १९३०च्या दशकात स्ट्रेप्टोकॉकसचे गट पाडले. १९७०च्या दशकात तो अमेरिकेत नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमुख कारण झाला. १९८६ मध्ये कळांदरम्यान शिरेतून ॲम्पिसिलिन दिल्याने बाळाला होणारा संसर्ग टळतो हे सिद्ध झालं, आणि २००२ पासून तिथे प्रत्येक गर्भवतीची तपासणी होऊ लागली. आपल्याकडे ती योजना जशीच्या तशी उचलून भागणार नाही. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतला २०१६ चा अभ्यास सांगतो की तिथल्या आजारी बाळांमध्ये सापडलेल्या जंतूंपैकी ॲसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के आणि ई. कोलाय १४ टक्के होते आणि जवळजवळ दोन-तृतीयांश आजार पहिल्या ७२ तासांतच दिसले. हे जंतू पुष्कळदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. प्रसूतिगृहातले हात, सक्शनची नळी, ओला टेबल हे प्रश्न इथे आईच्या तपासणीइतकेच मोठे आहेत.

२०२३ मध्ये आलेला एक मोठा प्रयोग तर आंबोली घाटापलीकडच्या बेळगावातही झाला. नागपूर हेही त्याचं केंद्र होतं. कळांमध्ये २ ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन तोंडाने एकदाच दिल्यावर आईचा गंभीर संसर्ग किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांच्या संसर्गात आणि मृत्यूत मात्र फरक पडला नाही. आईचा फायदा आपोआप बाळाला मिळतोच असं नाही, हे यातून नीट कळतं.

सगळ्यात जास्त काही करता येतं ते पाणी जाण्यापासून प्रसूतीपर्यंतच्या तासांत. पाणी जाऊन १८ तास उलटले, ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला किंवा ३७ आठवडे भरलेले नसले, तर धोका वाढतो. पहाटे पाणी गेलं, पण कळा नाहीत म्हणून घरी थांबले, संध्याकाळी पऱ्या (ओढा) भरला, रात्री १०८ची गाडी आली आणि पुढे कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायचं, यात अठरा तास सहज जातात. म्हणून पाणी गेल्याची वेळ घड्याळ बघून कार्डावर लिहावी, आणि पाण्याचा रंग व वासही लिहावा. विनाकारण आतून तपासणी करू नये : प्रत्येक तपासणीबरोबर जंतू वर ढकलले जातात. कळांमध्ये एकदाच ३९ अंश, किंवा ३८ ते ३८.९ अंश ताप अर्ध्या तासाने पुन्हा भरला, आणि जोडीला बाळाचे ठोके १६० च्या वर किंवा पुवासारखं पाणी असेल, तर गर्भाशयात संसर्ग धरून चालावं. ॲम्पिसिलिन २ ग्रॅम दर ६ तासांनी शिरेतून, सोबत जेंटामायसिन, ही नेहमीची जोडी आहे. हे प्रसूतीआधीच सुरू व्हायला हवं. बाळाचं रक्त कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) किमान १ मिलीलिटर घ्यावं, आणि तेही प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी.

आणि वार ठेवावी. आईला ताप, ३४ आठवड्यांआधीची प्रसूती, मृत जन्म, घाण वासाचं पाणी किंवा जन्मतः आजारी बाळ, यांतलं काहीही असेल तर ती पिवळ्या पिशवीत टाकू नये. पडदे चकाकते व पारदर्शक आहेत की पिवळट-करडे व धुरकट, वास कसा आहे, वजन किती, हे टेबलावरच लिहून घ्यावं. कल्चर हवं असेल तर दोन्ही पडदे एकमेकांपासून सोडवून मधल्या जागेतून निर्जंतुक कापसाची काडी फिरवावी, आणि हे फॉर्मेलिनआधी (वार टिकवायच्या द्रावणात घालण्याआधी). नंतर घेतलेल्या काडीवर काहीच उगवणार नाही. मग रुंद तोंडाच्या डब्यात १० टक्के फॉर्मेलिन भरपूर घ्यावं. अरुंद बरणीत वार कोंबली की बाहेरून घट्ट होते, आतून कुजते आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही. तपासणीसाठी पडद्यांची गुंडाळी, नाळेचे दोन काप आणि वारेच्या पूर्ण जाडीचे किमान तीन तुकडे लागतात. डब्यावरच्या चिठ्ठीत आईच्या नावासोबत किती आठवडे, पाणी कधी गेलं, ताप किती होता आणि औषधाचा पहिला डोस कधी दिला हे असावं. लावणीच्या दिवसांतली बाई असेल तर तेही.