युद्धात देश एक होतो म्हणे, पण कोणाकोणाचा?

"युद्ध लागलं की सगळे भेद विसरून देश एक होतो" हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. अर्धं खरं आहेही, पण उरलेलं अर्धं अल्पसंख्यांकांच्या वाट्याला येतं.

हेन्री ताजफेल हा माझा आवडता मानसशास्त्रज्ञ. पोलंडचा ज्यू, फ्रेंच सैन्यात गेला, १९४० मधे जर्मनांच्या हाती लागला आणि पोलिश असल्याचं लपवून युद्धकैदी म्हणून जगला. पहारेकऱ्यांशी कितीही पटत असतं तरी खरा गट कळला असता तर खेळ खल्लास. घरचे जवळपास सगळे मारले गेले.

पुढे १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधे त्याने शाळकरी मुलांचे दोन गट केले, का तर म्हणे कुणाला क्लेची चित्रं आवडतात आणि कुणाला कँडिन्स्कीची. खरं तर वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मग दोन अनोळखी मुलांना पॉइंट द्यायचे, एक आपल्या गटातला, एक त्यांच्या. तक्त्याच्या एका टोकाला आपल्याला ७ त्यांना १, मधे १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्याला १९ पण त्यांना २५. देणाऱ्याला स्वतःला काहीच नाही. सरळ हिशोबाने १९ घ्यावेत ना! पण मुलं परत परत ७ च्या बाजूला झुकायची, म्हणजे आपलं कमी झालं तर होऊ दे, त्यांच्यापेक्षा जास्त दिसलं पाहिजे. ना जुनं भांडण, ना इतिहास, गटात कोण आहे तेही माहीत नाही, तरी ही गत.

आता यात खरी भीती आणि सरकारी शिक्का मिसळा. जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर बाँब टाकल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मधे अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने आदेश ९०६६ काढला आणि जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत गेले, त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. पश्चिम किनाऱ्याचा लष्करी प्रमुख जनरल डेविट, त्याचं लॉजिक बघा, अजून एकही घातपात झाला नाही हीच तो होणार असल्याची खूण! भविष्य सांगणारे बाबा असंच करतात, खोटं ठरायला जागाच ठेवत नाहीत.

बरं, दाबून ओळख विरघळते का? पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू होता म्हणून १९१९ मधे अमेरिकेतल्या ओहायो आणि इंडियाना या राज्यांनी प्राथमिक शाळेत जर्मन शिकवायला बंदी घातली. वासिलिकी फौका या संशोधिकेने शेजारच्या राज्यांशी तुलना केली तर बंदीखाली शिकलेली जर्मन घरातली मुलं दुसऱ्या महायुद्धात आपणहून सैन्यात कमी गेली, आणि स्वतःच्या पोरांची नावं जास्त जर्मन ठेवली.

जपानी वंशाच्यांचंही तसंच. बाँब पडले हवाईवर, पण तिथे घाऊक कैद झालीच नाही, कारण तिथली एक तृतीयांशाहून जास्त वस्तीच जपानी वंशाची, सगळ्यांना कोंडलं तर कामं कोण करणार. १९४३ मधे जपानी वंशाच्या अमेरिकनांचीच ४४२ वी रेजिमेंट, म्हणजे अमेरिकन सैन्याची एक तुकडी, उभी करायची ठरली. हवाईतून १,५०० हवे होते, जवळपास १०,००० आले. मुख्य भूमीवरून ३,००० हवे होते, तर काटेरी तारांआडून साधारण १,२०० जण पुढे आले.