अविरत वेबवाचन

वेबवरचा मजकूर संगणकाने सतत वाचत राहावा, त्यातून विधाने वेचावीत आणि वेचलेल्याच्या आधारे पुढचे वाचन सुधारावे, अशी यंत्रशिक्षणाची पद्धत. तिचा गाजलेला प्रयोग ‘नेल’ (NELL, म्हणजे Never-Ending Language Learning) हा टॉम मिचेल यांच्या गटाने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये सुरू केला.

सुरुवातीला वर्ग व संबंध यांची यादी आणि प्रत्येकाची १०-१५ उदाहरणे द्यावी लागतात. खानदेशापुरते पाहिले तर ‘तालुक्याचे गाव’ या वर्गाला अमळनेर, रावेर, साक्री ही नावे आणि ‘गाव-जिल्हा’ या संबंधाला रावेर-जळगाव, साक्री-धुळे अशा जोड्या. ही नावे कोणत्या शब्दांच्या शेजारी येतात ते यंत्र टिपते. ‘तालुक्यातील शेतकऱ्यांनी’ याच्या आधी बरीचशी ओळखीची नावे दिसली, की त्याच जागी येणारे यावल, शहादाही ते उचलते. नावाचा शेवट (-नेर, -पूर, -गाव) पाहणारा एक घटक आणि पानांवरील याद्या व तक्ते वाचणारा दुसरा घटक आपापले मत वेगळे देतात.

मराठीत खरी अडचण सामान्यरूपाची. ‘पाचोऱ्यात’मधून ‘पाचोरा’ काढायचा, पण ‘धुळ्यात’मधून ‘धुळे’. नुसता प्रत्यय तोडून भागत नाही. दोन्ही संभाव्य रूपे बनवून त्यांपैकी कोणते मजकुरात सुटे आढळते ते तपासावे लागते.

एक चूक पुढच्या दहा चुकांना जन्म देते, हा या पद्धतीचा मूळ दोष. ‘चोपडा’ हा जळगाव जिल्ह्यातील तालुका आहे आणि आडनावही. ‘चोपडा यांनी सांगितले’ ही रचना गावाची खूण ठरली, तर बोलणारा प्रत्येक माणूस तालुका होऊन बसेल. ‘नेल’ने वेब ब्राउझरमधल्या ‘कुकीज’ भाजलेल्या पदार्थांत घातल्या आणि मग संगणकातील फाइलीही त्याच वर्गात गेल्या. ६७ दिवसांत त्याने सुमारे २,४२,००० विधाने जमवली. अचूकता अंदाजे ७४ टक्के, पण पहिल्या टप्प्यातील ९० टक्क्यांवरून शेवटच्या टप्प्यात ती ५७ वर उतरली. उपाय म्हणून ‘व्यक्ती’ व ‘गाव’ हे वर्ग परस्परवर्ज्य ठरवतात: दोन्हींत बसणारी रचना बाद. तरीही अधूनमधून माणसाचा हात फिरावाच लागतो.

जुना मजकूर मात्र या चाळणीतून सहज निसटतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या लेखनात शहादा धुळे जिल्ह्यातच असतो आणि धुळे हाही जिल्हाच असल्याने यंत्राला खटकत नाही. म्हणून विधानाबरोबर काळ नोंदवावा. पान कधी चढवले ती तारीख इथे निरुपयोगी. एकच बातमी दहा संकेतस्थळांवर जशीच्या तशी छापलेली असेल, तर ते दहा पुरावे नव्हेत. मोजणीआधी नकला काढाव्यात.

अहिराणी या खानदेशातील बोलीसाठी प्रत्ययांची वेगळी यादी लागते. लिपी देवनागरीच असल्याने भाषा ओळखणारी साधने तिला बहुधा मराठीत टाकतात, आणि मराठी यादीत ‘-मा’ (-मध्ये), ‘-ले’ (-ला) नसल्यामुळे ‘जळगावमा’, ‘जळगावले’ ही दोन नवी गावे म्हणून नोंदली जातात.