कोरडी वात आणि पडद्यावरचा आकडा

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापून आलं. लिहिणारे होते अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारी एक ई-सिगारेट त्यांनी यंत्राला ‘ओढायला’ लावली आणि वाफ तपासली. ३.३ व्होल्टवर तिच्यात फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टवर मात्र दर १० झुरक्यांमागे सरासरी ३८० मायक्रोग्रॅम सापडली. या हिशेबाने फॉर्माल्डिहाइडपासून होणाऱ्या कर्करोगाचा धोका नेहमीच्या सिगारेटमधल्या फॉर्माल्डिहाइडच्या ५ ते १५ पट असू शकतो, असं पत्रात म्हटलं होतं. हे गणित फक्त एका रसायनापुरतं होतं. सिगारेटच्या धुरात त्याच्याशिवाय हजारो रसायनं असतात, पण हा बारकावा मथळ्यांमध्ये टिकला नाही.

पत्र वाचणाऱ्याचा साहजिक ग्रह होतो की ३.३ व्होल्ट बरे आणि ५ व्होल्ट वाईट. पण शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या कुणालाही इथे थबकायला हवं. आपल्या घरात भिंतीतून येतात ते २३० व्होल्ट. त्यांवर रात्रीचा मिणमिणता दिवाही चालतो आणि गिझरही. व्होल्ट तेच, मग फरक कशाचा? आतल्या तारेचा. ई-सिगारेटमध्येही एक तारच तापून द्रवाची वाफ करते. तेव्हा ५ व्होल्ट म्हणजे नेमकी किती उष्णता, हे तार बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ती उष्णता कुठे जाते, हे तार बघूनही कळत नाही. त्यासाठी वात, म्हणजे तारेपर्यंत द्रव पोचवणारा कापूस, बघावी लागते.

आपल्याकडे हे उपकरण दुकानात दिसणार नाही. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सगळ्यांवर भारतात बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी शिकायला गेलेल्या भाच्या-पुतण्यांच्या खिशात मात्र ते सर्रास असतं, आणि ‘व्होल्टेज कमी ठेवतो, म्हणून काही होत नाही’ हे वाक्यही त्यांच्याच तोंडून ऐकू येतं. त्या वाक्यात कितपत दम आहे, हे बघण्यासारखं आहे.

उपकरणाचे भाग दोन. खाली डबी किंवा नळी असते, तिच्यात लिथियम-आयन सेल, छोटं सर्किट, एक बटण आणि आकडा दाखवणारा पडदा. वर आट्यांनी बसवलेला ॲटमायझर, म्हणजे द्रवाची वाफ करणारा भाग. यातही दोन जाती. एकात कारखान्यात तयार झालेली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, बसवायची आणि जळाली की फेकायची. दुसऱ्यात तार आणि वात स्वतः बसवायची, खराब झाली की उपसून नवी घालायची. हा दुसरा प्रकार शिकण्यासाठी फार उपयोगी, कारण त्यात सगळं उघड्यावर असतं. दोन छोटे खांब, त्यांच्यामध्ये स्क्रूने आवळलेली तारेची गुंडाळी, गुंडाळीतून आरपार गेलेला कापूस आणि भोवती द्रवाची टाकी.

तार बहुधा कान्थलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्त्सो यांनी ती तयार केली आणि तेव्हापासून विजेच्या भट्ट्यांपासून टोस्टरपर्यंत सगळीकडे ती तापते आहे. २८ गेजची, म्हणजे ०.३२ मिलिमीटर जाडीची कान्थल घेतली तर एक मीटरचा रोध साधारण १८ ओहम भरतो. म्हणजे १० सेंटीमीटरला १.८ ओहम. अडीच मिलिमीटर जाडीच्या सळीवर ती गुंडाळली की एका वेढ्याला सुमारे ९ मिलिमीटर तार लागते. दहा वेढे आणि खांबांपर्यंतची दोन टोकं मिळून आपले १० सेंटीमीटर होतात.

आता दर सेकंदाला किती उष्णता निघते, म्हणजे किती वॉट, हे काढायला व्होल्टेजचा वर्ग करून रोधाने भागा. ३.३ व्होल्टवर ६ वॉट, ५ व्होल्टवर जवळजवळ १४ वॉट. व्होल्टेज दीडपट झालं आणि उष्णता २.३ पट. गुंडाळताना दोन वेढे कमी पडले तर तोच ५ व्होल्टचा आकडा १७ वॉटच्या आसपास नेऊन ठेवतो. पडद्यावर काहीच बदललेलं नसतं. म्हणून ‘मी चार व्होल्टवर ओढतो’ या वाक्याला ‘मी तिसऱ्या गियरमध्ये असतो’ याहून जास्त अर्थ नाही. गाडी कुठली आणि चढ किती, हे त्यात येतच नाही.

तरी व्होल्टेज बदलण्याची सोय आली ती एका खऱ्या अडचणीतून. सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट देतो, उतरत उतरत ३.४ च्या आसपास येतो. सेल सरळ तारेला जोडला तर १.८ ओहमच्या कॉइलला सकाळी ९.८ वॉट मिळतात आणि संध्याकाळी ६.४. सर्किट हा उतार भरून काढतं, गरज पडली तर सेलपेक्षा जास्त व्होल्टेज करून देतं. किमान तसा त्याचा दावा असतो. त्या दाव्याकडे पुढे येतोच, आधी वात.

देवघरातलं निरांजन आठवा. तूप आहे तोवर वात जळत नाही, जळतं ते तूप. ज्योतीच्या उष्णतेने तूप वितळतं, केशाकर्षणाने वर चढतं आणि जाळात जातं. तूप संपलं की मग वातीची पाळी येते, ती काळी पडते आणि करपट वास सुटतो. ॲटमायझरमध्ये ज्योत नाही एवढंच, बाकी कारभार तोच. द्रवात दोन मुख्य घटक असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता उकळण्यात खर्ची पडते आणि तापमान फार वर जात नाही. पातेल्यात पाणी असेपर्यंत बूड करपत नाही, तसंच हे.

ओल तुटली की तीच उष्णता जाणार कुठे? तार, उरलेला द्रव आणि कापूस झपाट्याने तापतात. अतितापलेल्या ग्लिसरीनमधून पाण्याचे रेणू निघून जातात आणि ॲक्रोलीन बनतं. कढईत तेल जळालं की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यातही हेच असतं. सोबत फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड. अशा झुरक्याला इंग्रजी मुलखात ‘ड्राय पफ’ म्हणतात, म्हणजे कोरडा झुरका.

वातीवर किती भार असतो याचा अंदाज घेऊ. १० वॉटने चार सेकंद म्हणजे ४० जूल. ही सगळी उष्णता ग्लिसरीन तापवण्यात आणि उकळण्यात गेली असं धरलं, तर तेवढ्यात फार तर २५ मिलिग्रॅम उडेल. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण हवा आणि धातूही आपला वाटा घेतात. थेंबभरसुद्धा नाही, असं वाटेल. पण तेवढा द्रव चार सेकंदांत कापसाच्या धाग्यांमधून तारेपर्यंत पोचायला हवा, आणि गार ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे हजारपट दाट असतं. ग्लायकॉल पाण्याच्या चाळीसेक पटच, म्हणून ते जास्त असलं की पुरवठा सुधारतो. कापूस ठासून भरला तर वाट बंद. सैल भरला तर द्रव गळून हवेच्या भोकातून बोटांवर येतो. या भागात आकडा कुठेच नाही, आहे तो हात. पूर्वी वातीला सिलिकाची दोरी वापरत, कुणी पोलादी जाळीची सुरळी करून. जाळी विजेची वाहक, म्हणून तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा, नाहीतर वेढे आपसात शॉर्ट होऊन एकाच जागी निखारा व्हायचा. कापसाने ती कटकट संपवली.

पोर्टलंडच्या पत्राला उत्तर आलं ते याच वातीच्या बाजूने. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टान्टिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो त्याच्या साधेपणामुळे फार आवडतो. स्वतः बांधता येणारे दोन ॲटमायझर घेतले. एकात नेहमीसारखी एकेरी वात, दुसऱ्यात दुहेरी. दोघांना ६.५, ७.५, ९ आणि १० वॉट दिले. लक्षात घ्या, वॉट दिले, नुसते व्होल्ट नाहीत. सात अनुभवी ओढणाऱ्यांना चार-चार सेकंदांचे झुरके घ्यायला लावले आणि विचारलं, करपट लागतंय का? एकेरी वातीला ९ आणि १० वॉटवर सातही जणांनी हो म्हटलं. दुहेरी वातीला कुणीच, कुठेच नाही. मग हेच ॲटमायझर यंत्राला जोडून वाफ तपासली. दुहेरी वातीत १० झुरक्यांमागे फॉर्माल्डिहाइड जास्तीत जास्त ११.३ मायक्रोग्रॅम. एकेरी वातीत, करपट लागलेल्या वॉटांवर, ३४४.६ पर्यंत. म्हणजे वॉट तेवढेच ठेवून नुसती वात दुप्पट केल्याने तीसपट फरक पडला. आणि ३४४.६ हा आकडा पोर्टलंडच्या ३८० च्या किती जवळ आहे बघा.

फार्सालिनोस यांचं म्हणणं असं की यंत्राला चव कळत नाही, ते करपलेला झुरकाही निमूटपणे ओढतं. माणूस ठसकून बाजूला ठेवून देईल. युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण सात जणांची जीभ हे मोजमापाचं साधन म्हणून जरा अपुरंच. गोड आणि मेन्थॉलच्या स्वादांखाली करपट चव किती झाकली जाते, हा प्रश्नही राहतो. २०१८ मध्ये पोर्टलंडच्या गटाने पुन्हा मोजमाप करून सांगितलं की ओढणाऱ्याला त्रासदायक न वाटणाऱ्या स्थितीतही फॉर्माल्डिहाइड बरंच निघू शकतं. मी या वादात मध्ये उभा आहे. करपट चव हा धोक्याचा इशारा आहे, पण ती नाही म्हणजे धोका नाही, असं कुठे ठरलंय? शिवाय वाफेत फक्त फॉर्माल्डिहाइडसारखी अल्डिहाइडच नसतात. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज ओढणाऱ्या ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात शिसं, निकेल, क्रोमियम नगण्य होते, पण कॉइलशी संपर्क आलेल्या द्रवात आणि वाफेत बरेच वाढलेले. आणि निकोटीनची सवय तर कुठल्याही व्होल्टवर लागते.

आता तो राहिलेला दावा, सर्किटचा. पडद्यावर ४ दिसतंय म्हणजे तारेला ४ व्होल्ट मिळतायत का? सुरुवातीच्या अनेक स्वस्त उपकरणांत नव्हते मिळत. त्यांतलं सर्किट व्होल्टेज खरोखर कमी करायचंच नाही, जास्तीच्या व्होल्टेजचे नुसते ठोके द्यायचं. सहा व्होल्ट चालू, बंद, चालू, बंद, सेकंदाला ३३ वेळा. निम्मा वेळ चालू, निम्मा बंद, म्हणून सरासरी ३ व्होल्ट. मल्टिमीटरही डीसीवर ३ च दाखवायचा. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते. सहाचा वर्ग ३६, त्याचा निम्मा १८. तीनचा वर्ग ९. म्हणजे पडद्यावर ३ आणि तारेला दुप्पट उष्णता, खऱ्या ४.२ व्होल्टच्या बरोबरीची. ‘कमीवर ठेवला तरी गरम लागतो’ अशी तक्रार करणाऱ्यांची जीभ खरी होती, खोटा आकडा होता. ही चोरी पकडायची तर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लागतो, किंवा वर्गाची सरासरी काढणारा मीटर. त्या ठोक्यांचा आवाजही काही उपकरणांत ऐकू यायचा, बारीक खुळखुळल्यासारखा.

आटे सैल किंवा मळलेले असतील तर आणखी एक गळती. जोडातला ०.१ ओहम रोध १.८ ओहमच्या कॉइलसमोर किरकोळ. पण काही हौशी लोक जाड तारांच्या, ०.५ ओहमच्या किंवा त्याहूनही कमी रोधाच्या कॉइल बांधतात. ०.५ ओहमला तोच जोड एकूण उष्णतेचा सहावा हिस्सा खातो आणि स्वतः तापतो. रोध ०.२ ओहमपर्यंत खाली नेला आणि मध्ये सर्किटच नसलं, तर भरलेल्या सेलमधून २१ अँपिअर वाहू बघतात. लॅपटॉपच्या बॅटरीतला जुना सेल काढून वापरणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. तसे सेल याच्या पाव हिश्शासाठी बनवलेले असतात. आतला रोधक पडदा वितळला की सेल स्वतःच स्वतःला तापवत सुटतो, आणि बंद धातूच्या नळीत त्याला वाट मिळत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये असे स्फोट जिवावर बेतले आहेत.

वातीची ओल उपकरणालाच कळावी, असा एक हुशार उपाय २०१४ च्या सुमारास बाजारात आला. कान्थलचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही, पण निकेलचा अंशागणिक सुमारे ०.६ टक्का वाढतो. मग कॉइल निकेलची करायची. तार थंड असताना तिचा रोध नोंदवायचा आणि झुरका चालू असताना तो किती वाढला, यावरून तापमान काढायचं. ठरवलेल्या अंशापुढे गेलं की वीज आपोआप कमी. वात सुकली की रोध उसळतो आणि सर्किट हात आखडतं. इथे तारच तापमापी झाली.

फक्त ती पहिली नोंद थंड तारेची हवी. समजा कुणी नुकताच झुरका घेऊन, तार ८० अंशांवर असतानाच ॲटमायझर काढून परत बसवला. सर्किट त्या गरम रोधालाच २५ अंशांचा रोध समजून बसतं. त्याला २२० अंशांवर थांबायला सांगितलेलं आहे आणि आपल्या हिशेबाने ते बरोबर तिथे थांबतं. पडद्यावर २२० असतात, आणि कापूस सुकला असेल तर तार ३४० अंशांवर.