उशाशी बसणाऱ्यांची करुणा

आईला लकवा झाला तेव्हा आम्ही तिला खानापूरहून बेळगावच्या एका दवाखान्यात हलवलं. बारा दिवस मी तिच्या उशाशी होते. शेजारच्या खाटेवर गोकाककडच्या एक आजी होत्या. रात्री दोन-अडीचला त्यांच्या पायात कळा यायच्या आणि "यव्वा, यव्वा" असं कण्हणं सुरू व्हायचं. पहिल्या दोन रात्री माझ्या पोटात कालवलं. तिसऱ्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून कानावर चादर ओढली. पाचव्या रात्री मला त्यांचा राग आला. आजारी, म्हाताऱ्या बाईचा राग! त्याची लाज अजून गेलेली नाही.

रात्रपाळीला एक नर्स असायच्या. वॉर्डातले मराठी आणि कन्नड, सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. पंचवीस वर्षं हेच काम. त्या यायच्या, आजींच्या कपाळावर हात ठेवायच्या, "ना इल्ले अदीनि" म्हणायच्या. मी इथंच आहे. मग पायाखाली उशी सरकवायच्या. कण्हणं दर वेळी थांबायचंच असं नाही. पहाटेपर्यंत अक्का दमलेल्या असायच्या, पण खचलेल्या मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मी मात्र बाराच दिवसांत आतून रिकामी झाले होते.

त्यांच्याकडे असं काय होतं, जे माझ्याकडे नव्हतं? आई घरी आल्यावर हा प्रश्न घेऊन मी वाचत सुटले. एकीकडे मेंदूविज्ञान, दुसरीकडे पाली भाषेतल्या बौद्ध परंपरेतला करुणेचा विचार. दोन्हींची गाठ एकाच ठिकाणी पडते, हे पाहून मी थक्क झाले.

आधी मेंदू. २००४ साली मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सोळा जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई एमआरआय यंत्रात, जोडीदार शेजारी बसलेला. दोघांच्या हाताला आळीपाळीनं विजेचा छोटा झटका द्यायचा आणि तो कुणाला बसणार हे बाईला खुणेनं आधी कळवायचं. झटका स्वतःला बसताना तिच्या मेंदूतले जे भाग जागे झाले, त्यांतले काही जोडीदाराला बसतानाही जागे झाले. त्यातला एक भाग इन्सुला, मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत दडलेला. नेमकं कुठं आणि किती दुखतंय याची नोंद ठेवणारे भाग मात्र दुसऱ्याच्या वेळी शांत राहिले. म्हणजे वेदनेतलं टोचणं आपल्यापर्यंत येत नाही, तिचा जाच मात्र येतो. 'पोटात कालवलं' असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. शरीराच्या आतली खबर ठेवणं हेही इन्सुलाचंच काम.

पण जाच सोसणारा माणूस काय करतो? शक्य असेल तर तिथून उठतो. १९८१ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी हेच तपासलं. समोर एका मुलीला झटके बसताहेत असं लोकांना दिसत होतं (ती नाटक करत होती). तिच्या जागी स्वतः झटके घ्यायची मुभा त्यांना होती. त्या दृश्यानं जे स्वतः अस्वस्थ झाले होते, त्यांना निघून जायची मोकळीक मिळताच बहुतेक जण निघून गेले. ज्यांचं लक्ष तिच्याकडे लागलं होतं, ते वाट मोकळी असूनही मदतीला थांबले. हे वाचताना मला माझी चादर आठवली.

या कोड्यातला पुढचा दुवा एका भिक्खूकडून आला. मॅथ्यू रिकार मूळचे फ्रेंच. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पेशींच्या आनुवंशिकतेवर संशोधन करून त्यांनी १९७२ साली डॉक्टरेट मिळवली आणि मग हिमालयाची वाट धरून ते तिबेटी परंपरेतले भिक्खू झाले. २००७ साली सिंगर यांनी त्यांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि करुणेचं ध्यान करायला सांगितलं. अपेक्षा होती की वेदनेचं ते ओळखीचं जाळं लखलखेल. तसं झालं नाही. भलतेच भाग जागे झाले, जिव्हाळ्याशी आणि सुखाच्या जाणिवेशी नातं असलेले. मग सिंगर यांनी त्यांना सांगितलं, करुणा बाजूला ठेवा, फक्त दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं अनुभवा. रिकार यांनी अनाथाश्रमातली हाल झालेली मुलं डोळ्यांसमोर आणली. तासाभरातच ते पार गळून गेले. आता करुणेकडे वळलात तरी चालेल, असं सांगितल्यावर मुलं तीच, दुःखही तेच. पण त्यांच्या मनात त्या मुलांना जवळ घेण्याची ओढ उसळली आणि थकवा ओसरला.

एका माणसावरून नियम बांधता येत नाही. म्हणून ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी ध्यानाचा अनुभव नसलेल्या स्त्रियांना आधी दुःख वाटून घेण्याचं आणि नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं. दोन्ही वेळा त्यांना माणसांच्या हालांची चित्रफीत दाखवली. पहिल्या प्रशिक्षणानंतर त्या अधिक व्याकूळ झाल्या, इन्सुलाचं काम वाढलं. दुसऱ्यानंतर व्याकूळपणा पुन्हा उतरला, सुखद भावना वाढली आणि मेंदूचं वेगळंच जाळं कामाला लागलं. शुश्रूषा करणाऱ्यांच्या खचण्याला 'करुणेचा थकवा' म्हणायची पद्धत आहे. हे नावच चुकलं आहे, असं या दोघींनी मांडलं. थकवते ती दुसऱ्याच्या वेदनेत बुडून गेलेली सहवेदना. मला हे पटतं. अर्थात हे प्रयोग लहान गटांवरचे आहेत आणि स्कॅनमध्ये दिसतो तो रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार, प्रत्यक्ष विचार नव्हे. तेवढा सावधपणा ठेवूनच ते वाचावेत.

आता दुसरी वाट. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ रचला. त्यात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा या चार भावनांचं बारकाईनं विवेचन आहे. बुद्धघोष म्हणतात, प्रत्येक भावनेला दोन वैरी असतात. एक दूरचा, डोंगरात दबा धरलेला. दुसरा जवळचा, तिच्यासारखाच दिसणारा, म्हणून जास्त घातक. करुणेचा दूरचा वैरी क्रौर्य, हे कुणीही सांगेल. जवळचा वैरी कोणता? शोक. संसाराला चिकटलेलं, माणसाला खाली ओढणारं दुःख. स्कॅनरच्या दीड हजार वर्षं आधी!

यातले शब्द मराठी माणसाला चकवतात, म्हणून इथं जरा थांबते. मैत्रीचा जवळचा वैरी 'राग' आहे असं वाचून मी गोंधळले होते. पालीत राग म्हणजे आसक्ती. आपल्या तोंडी तो संताप झाला. 'उपेक्षा' तर उलटीच झाली. आपण म्हणतो म्हातारपणी मुलांनी उपेक्षा केली. मूळ अर्थ मात्र समतोल नजर, काळजी न सोडता मन स्थिर ठेवणं. बुद्धघोषांनी धोक्याची सूचनाही दिली आहे: उपेक्षेचा जवळचा वैरी म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. आपल्या भाषेत तो वैरीच मूळ शब्दाच्या घरात राहायला आलेला दिसतो.

आणि एक शब्द आहे, तो वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. 'सीमासंभेद'. आम्ही सीमाभागातली माणसं. सीमा म्हटलं की आमच्या मनात पाट्या, मोर्चे आणि १९५६ची राज्यपुनर्रचना उभी राहते. बुद्धघोषांची सीमा मनातली आहे. मैत्रीची भावना आधी स्वतःविषयी करायची, मग प्रिय माणसाविषयी, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा माणसाविषयी, मग वैऱ्याविषयी. या चौघांमधल्या रेषा पुसल्या की तो सीमासंभेद. ते एक उदाहरण देतात. हे चौघे एकत्र बसले असताना दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला एक जण द्या. 'याला न्या' असं मनात आलं तर सीमा पुसलेली नाही. 'मला न्या, यांना सोडा' असं आलं तरीही पुसलेली नाही. चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच ती पुसली.

ही रेषा मेंदूतही दिसते. २०१० साली ग्रिट हाइन आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या चाहत्यांवर प्रयोग केला. आपल्या संघाच्या चाहत्याला वेदना होताना इन्सुला जास्त जागा झाला, आणि तो जितका जागा तितकी त्या चाहत्याला मदत जास्त. केवळ दुसऱ्याच्या वेदनेनं हलून जाण्यावर विसंबलं तर आपण आपल्याच माणसांसाठी हलतो. म्हणून करुणेला सराव लागतो.

विज्ञान आणि बौद्ध विचार यांचा हा संवाद आमच्यापासून फार लांबही घडलेला नाही. हुबळीच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला १९६६पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथल्या द्रेपुंग मठात जानेवारी २०१३मध्ये दलाई लामा आणि जगभरचे शास्त्रज्ञ मन आणि मेंदूवर सहा दिवस बोलत बसले होते. आणि निपाणी-चिकोडीकडच्या विहारांत वंदनेनंतर 'भवतु सब्ब मंगलं' आजही म्हटलं जातं. त्यातला 'सब्ब' म्हणजे सगळे. कुंपण नसलेला शब्द.

सराव साधाच आहे. मी रोज दहा मिनिटं करते, आईच्या लुळ्या हाताला व्यायाम देण्याआधी. श्वास स्थिर होऊ द्यायचा. मग मनात म्हणायचं, तुझं दुखणं हलकं होवो. लक्ष आपल्या पोटातल्या कालवण्याकडे गेलं की परत तिच्या चेहऱ्याकडे आणायचं. कुठल्याही दिवशी चमत्कार झाला नाही. पण आई व्यायामाला ओरडली की आता मी हात सोडून देत नाही आणि चिडतही नाही. एवढा फरक मला जाणवतो.

तपासणीला गेलो तेव्हा अक्का भेटल्या. गोकाकच्या आजी घरी गेल्याचं त्यांनीच सांगितलं. मी त्यांना दरोडेखोरांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुम्ही चौघांतलं कोण दिलं असतं? त्या सलाईनची बाटली बदलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "चौघं पण माझे पेशंटच की." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.