मोड नक्की कुणाचा? एसपीआय चिप सिलेक्टच्या घोळाची पार्श्वभूमी

एसपीआय ही प्रोसेसरला छोट्या चिपांशी जोडणारी सिरियल बस. लिनक्समधल्या तिच्या ड्रायव्हरांच्या प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या कोडमध्ये, एक रीत जागोजागी दिसते: मोड शून्य किंवा तीन ठेवायचा, एका वेळी पाठवायचा वर्ड आठ बिटांचा ठरवायचा आणि ते लागू करणारा सेटअप कॉल करायचा. या साध्या रीतीमुळे २०१९ नंतर अनेक ड्रायव्हर मोडले. दोष रीतीचा नव्हता, हे आधीच सांगतो.

एसपीआयची सामाईक चौकट कर्नलमध्ये २.६.१६ बरोबर, म्हणजे २००६ साली आली. क्लॉकची पोलॅरिटी (निष्क्रिय असताना वरची की खालची पातळी), फेज (क्लॉकच्या कोणत्या कडेला डेटा वाचायचा), चिप सिलेक्ट (कोणत्या चिपशी बोलायचे ते निवडणारी तार) कोणत्या पातळीला सक्रिय, आधी कोणता बिट पाठवायचा, हे सगळे 'मोड' या एकाच आकड्यात बसवले गेले. आठ बिटांचा हा आकडा पुढे सोळा आणि मग बत्तीस बिटांचा झाला. क्लॉकचा मोड चिपच्या डेटाशीटवरून ठरतो, त्यामुळे तो ड्रायव्हरला ठाऊक असतो. चिप सिलेक्टच्या वाटेत बोर्डावर सिग्नल उलटा करणारा इन्व्हर्टर आहे का, हे ड्रायव्हरला कसे कळणार? चिपची गोष्ट आणि बोर्डाची गोष्ट एका आकड्यात कोंबली, घोळाचे मूळ तिथे आहे.

तेव्हा या सेटिंग कर्नलमधल्या, बोर्डागणिक लिहिलेल्या बोर्ड फाइलमध्ये असत. २०११ मध्ये एआरएम प्रोसेसरांच्या अशा कोडची गर्दी असह्य झाली आणि या सेटिंग हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइलींकडे गेल्या. तिथे पोलॅरिटी सांगायच्या दोन जागा झाल्या: उपकरणाच्या नोंदीतली (नोडमधली) 'एसपीआय-सीएस-हाय', म्हणजे चिप सिलेक्ट वरच्या पातळीला सक्रिय, ही खूण आणि सीएस-जीपीआयओमधला (चिप सिलेक्टसाठी वापरलेल्या सर्वसाधारण पिनच्या नोंदीतला) ॲक्टिव्ह हाय किंवा लो हा फ्लॅग. जुना कोड बहुतेक वेळा या फ्लॅगकडे पाहतच नसे, म्हणून तो चुकीचा लिहिलेल्या असंख्य फाइली वर्षानुवर्षे बिनबोभाट चालल्या.

५.१ मध्ये, २०१९ साली, एसपीआयच्या गाभ्याने, म्हणजे त्या सामाईक चौकटीने, चिप सिलेक्टसाठी जीपीआयओ डिस्क्रिप्टर (पिनची पोलॅरिटीही सोबत बाळगणारे हँडल) घेतले. पातळी उलटवण्याचे काम आता जीपीआयओचा थर करणार होता. ते दोनदा होऊ नये म्हणून गाभा अशा प्रत्येक उपकरणाच्या मोडमध्ये सीएस-हायचा बिट स्वतःच लावू लागला. मग प्रोबमध्ये 'मोड = शून्य' लिहिले की तो बिट पुसला जाई, चिप सिलेक्ट उलटा होई आणि चिप गप्प बसे.

एक तोडगा होता ड्रायव्हर दुरुस्त करण्याचा: मोड थेट भरू नका, हवे ते बिट त्यात मिसळा. काही ड्रायव्हर तसे बदललेही. पण दहा-बारा वर्षे मान्य असलेली रीत गाभ्याच्या अंतर्गत सोयीसाठी चूक ठरवणे मला पटत नाही. २०२० अखेरच्या ५.१० मध्ये गाभ्याने तो बिट लावणेच सोडले, तेच योग्य झाले.

डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे नोंदी कशा लिहाव्यात याच्या नियमांत, आता पोलॅरिटीचा तक्ता आहे. दोन्ही जागा विसंगत असतील तर 'एसपीआय-सीएस-हाय' असण्या-नसण्यावर निकाल लागतो आणि बूटच्या वेळी इशारा छापला जातो. मात्र चिप सिलेक्ट जीपीआयओऐवजी एसपीआय कंट्रोलरच्याच पिनवर असेल आणि ड्रायव्हरने मोड थेट भरला, तर बोर्डाने खरोखर मागितलेला सीएस-हाय आजही पुसला जातो.