१८ पूर्ण झाली, आता जायचं कुठे?

महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख जितकी दिसते तितकी दुसरी कुठली दिसत नसेल. बालगृहात आलेल्या मुलाची खरी तारीख अनेकदा कुणालाच ठाऊक नसते. डॉक्टर दात आणि हाडं तपासून वयाचा अंदाज देतात, मग कागदावर एक सोयीची तारीख पडते. पुढे याच अंदाजाच्या तारखेला मूल सज्ञान ठरतं आणि संस्थेतून त्याचं नाव कमी होतं.

सज्ञान झाल्यावर अशा मुलांनी पोट कसं भरायचं, हा प्रश्न कायद्याला फार लवकर पडला होता. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला तोच अनाथ आणि गरीब मुलांना वयात आल्यावर कमावता येईल असा धंदा शिकवण्यासाठी. १० ते १८ वयाच्या मुलांना कारागिराकडे करारावर ठेवायचं, अशी सोय त्यात होती. त्यात स्वस्तात राबवून घेणंही आलंच, पण मुलाच्या हातात निदान कसब असावं हा विचार होता. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डेव्हिड ससून यांच्या सुधारगृहाचाही पाया हाच होता.

१९२४ साली मुंबई प्रांताचा बाल अधिनियम आला, १९२७ मध्ये मुंबईत बालगृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. इथून भर राहिला तो मुलाला रस्त्यावरून उचलून आत आणण्यावर. ते गरजेचंच होतं. पण मूल बाहेर पडताना काय, हे मागे पडलं. १९८६ च्या बालन्याय कायद्यात तर मुलगा १६ व्या वर्षीच मोठा धरला जाई, मुलगी १८ व्या. ही तफावत २००० च्या कायद्याने मिटवली, दोघांनाही १८ लावले. अनुरक्षणगृहांची तरतूदही त्यात होती. अनुरक्षण म्हणजे संस्था सुटल्यानंतरचा आधार. मुलींना मात्र अनेकदा दोनच वाटा दिसत : निराधार बायकांसाठीचं सरकारी महिला राज्यगृह, नाहीतर लग्न.

सध्याच्या, म्हणजे २०१५ च्या कायद्यातलं कलम ४६ जेमतेम एका वाक्याचं आहे. १८ पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, असं ते म्हणतं. ‘द्यावे’ म्हणत नाही. माझ्या मते सगळं दुखणं या क्रियापदात आहे. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं आधाराची सोय आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची घरं, शिक्षण, कौशल्य, सगळं लिहिलेलं आहे. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत एकेकाला महिना ४,००० रुपयेही धरलेत. पण हक्क म्हणून मागता येत नाही तोवर हे सगळं मिळालं तर मिळालं.

आणि खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या मुलाला घरमालक कलम विचारत नाही. तो विचारतो, ‘गाव कुठलं? वडील काय करतात? आडनाव काय म्हणालास?’ आधार कार्डावर पत्ता असतो बालगृहाचा. तो वाचला की खोली अचानक ‘कालच दुसऱ्याला दिली’ अशी होते. डिपॉझिटचा प्रश्न तिथवर पोचतच नाही.

गोव्यातल्या एका संस्थेत वाढलेली मुलगी अशीच १८ व्या वर्षी पुण्याला आली. पहिली रात्र तिने रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे कामं करत शिकली, राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, गुणही पुरेसे मिळाले. पण आईवडीलच माहीत नाहीत तर त्यांच्या उत्पन्नावर मिळणारा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आणायचा कुठून? निवड हुकली. ती गप्प बसली नाही, थेट मुख्यमंत्र्यांना भेटली. तिच्या पाठपुराव्यातून २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केलं. एका मुलीच्या चिकाटीने सरकारला हलवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मात्र हे आरक्षण शिक्षणात टिकून राहिलेल्यांच्या उपयोगाचं. पहिल्या रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

जी मुलं दृष्टिहीन आहेत, मतिमंद आहेत, मूकबधिर आहेत, त्यांच्यासाठी तर १८ आणि २१ या आकड्यांना अर्थच नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी हा नियम मानलाच नाही. टाकून दिलेली शंभराहून अधिक मुलं त्यांनी जवळ केली, बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं आणि वय झालं म्हणून कुणाला बाहेर काढलं नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना १८ नंतरही तिथेच राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची मागणी मात्र त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासूनची आहे.